मालिका

कागदावर माझं नाव अरबीत लिहिताना
बरक्याच्या तबेल्यातला हमूद थांबला.
बाईमाणूस, म्हणाला, म्हणजे 'मालिक' नाही, 'मालिका'.
मला हसू फुटलं.
आमच्याकडे मालिका म्हणजे
रात्री साडेआठला सुरू होऊन कधीच न संपणारी.
का हसलीस, त्यानं विचारलं नाही.
मीही सातशे रियाल पुन्हा मोजले.

त्याआधी महिनाभर जाणकारासारखी फिरले होते.
दातांवरून वय, खुरांवरून चाल,
कपाळावरचा भोवरा शुभ की अशुभ,
आणि पुढच्या डाव्या पायाची कंडरा
बोटांच्या पेरांनी चाचपून: गरम आहे.
लोकांचं रक्त तपासणं माझं रोजचं काम,
तरी हा अहवाल मी
स्वतःलाच दिला नाही.
तिनं माझ्या खांद्यावर नाक टेकून
श्वास सोडला होता.
हमूदनं ते पाहिलं,
आणि भाव उतरवला नाही.

नाव शमाल. उत्तरेकडून वाळू आणणारा वारा.
माझ्या जिभेवर पहिल्याच दिवशी शामल झालं.
शामल म्हणजे सावळी; ही तर
भिजवलेल्या तांदळाच्या रंगाची.
दोन्ही हाकांना आली नाही.
खजुराची बादली वाजली की मात्र येते.

मोतद्दार दिलमुराद, तुर्बतचा बलूच,
म्हणाला, बाजी, लगाम राहू दे, आधी खरारा.
तीन आठवडे नुसता खरारा.
पहाटे चारला, कारण साडेसहाला
जुलैचं ऊन पत्र्यावर चढून बसतं
आणि नळाला चहाचं पाणी येतं.
खांद्याकडून पाठीकडे, पाठीकडून पुठ्ठ्याकडे,
पोटाखाली हात नेताना बोलत राहा,
गप्प माणसाला ती लाथ मारते.
काय बोलू?
मी एकोणतीसचा पाढा म्हटला.
तिनं एक कान माझ्याकडे फिरवला.
एकोणतीस साते अडखळले,
तर शेपूट झटकली.

तिला दोनच गोष्टी येत होत्या:
उभं राहणं, आणि भरधाव.
मधलं कुणी शिकवलंच नव्हतं.
लांब दोरीवर गोल फिरवताना
मी 'हळू' म्हणायचे, ती समजायची
शर्यत सुटली.
तळवे सोलले. दोनदा वाळूत तोंडावर आपटले.
दिलमुराद म्हणायचा, ओढू नकोस, थांब,
ती दमत नाही, कंटाळते. कंटाळली की ऐकते.
ऑक्टोबरात एकदा, अर्ध्या फेरीत,
ती चार पावलं चालली.
नुसती चालली.
दिवसभर मी ती चार पावलं सांगत होते
केरळच्या नर्सला, सुदानी डॉक्टरला.
यात विशेष काय, कुणाला कळलं नाही.

इस्लामपूरहून धाकटा भाऊ दर शुक्रवारी विचारतो,
ताई, बसलीस का?
घोडामैदान जवळच आहे, म्हणत मी
तीन महिने काढले.
मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याच कंडरेवर बोट ठेवून विचारलं,
घेताना हात लावला नव्हता?
लावला होता, म्हटलं.
त्यांनी पावती फाडली.
त्या शुक्रवारी भाऊ म्हणाला,
आता घोडं अडलंय कुठं?
पुढच्या डाव्या पायात, म्हटलं.

खोगीर अजून भिंतीवर आहे, प्लॅस्टिकसकट.
एकदा गिऱ्हाईक आलं होतं.
मीच किंमत वाढवून सांगितली.

ऊन कललं की आम्ही समुद्रावर जातो.
वाळूत सुकत घातलेल्या तारल्या
ती एकही न तुडवता ओलांडते,
गुडघाभर पाण्यात उभी राहते.
खारं पाणी त्या पायाला बरं.
माझी एक चप्पल वाहून गेली.
कोळ्यांची पोरं ओरडतात, बसत का नाहीस?
मी हात हलवते.
दोरी सैल,
तिचा झोळ पाण्याला टेकलेला.

आज परतताना मी वळले, ती वळली नाही.
ओढलं नाही. उभी राहिले.
एकोणतीस साते
दोनशे तीन, म्हटलं, न अडखळता.
आधी तिचा कान वळला.
मग सावकाश
बाकीची घोडी.